राइट्सशेठ

फ्लॅट विकणारा माणूस खून विकायला लागला तरी त्याची भाषा बदलत नाही, हे मला राइट्सशेठमुळे कळलं.

शेठचं मूळ दुकान अंधेरी पश्चिमेला. काचेवर 'वन आरके, वन बीएचके, गाळा, हेवी डिपॉझिट' अशी स्टिकरं, आत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर साईबाबा आणि त्यांच्याखाली वायफायचा डबा. वर्सोव्याच्या आरामनगरात सिनेमावाल्यांना ऑफिसं भाड्यानं मिळवून देता देता शेठना उमगलं की या मंडळींना जागेपेक्षा गोष्टीची टंचाई जास्त आहे. शिवाय गोष्टीला मेंटेनन्स नसतो, सोसायटीची एनओसी लागत नाही, आणि भाडेकरू मासे तळतो म्हणून कुणी तक्रार करत नाही. तेव्हापासून शेठ 'लाइफ राइट्स'च्या धंद्यात आहेत. एखादा सुटलेला, सुटू घातलेला किंवा पॅरोलवर आलेला भाई स्वतःची कहाणी सांगायला तयार झाला, की त्याच्याशी बोलणी करायची, स्टँपपेपरवर सही घ्यायची आणि तो कागद निर्मात्याला विकायचा. दोन्हीकडून दोन-दोन टक्के. लोक याला दलाली म्हणतात. शेठच्या कार्डावर 'कन्सल्टन्सी' आहे.

दिसायला माणूस अगदी सात्त्विक. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन फोन, गुरुवारचा उपास. मुंगी चिरडली तर हळहळतील. पण बोलायला लागले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

"साहेब, माल बघून घ्या. तिहेरी खून, कॉर्नरचा. गिरणगावात, स्टेशनला लागून."

"एक दरोडा आलाय. जुना आहे, पण वेल मेंटेन्ड."

खटला चालू असेल तर प्रकरण 'अंडर कन्स्ट्रक्शन', शिक्षा भोगून झाली असेल तर 'रेडी पझेशन'. चकमकीत मेलेल्या गुंडाला हात लावायला ते नाखूष असतात. "मालक गेलेला. वारस चार, दोन बायका, त्यांचं आपसात पटत नाही. टायटल क्लिअर होत नाही हो." रिमेकला ते रीडेव्हलपमेंट म्हणतात आणि त्याचे दर वेगळे.

माझा त्यांचा संबंध कागदापुरता. मी कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करतो. भाईनं सांगितलेली हकीकत हिंदीत असते, पोलिसांचे कागद मराठीत, आणि निर्मात्याच्या ऑफिसातल्या मुलांना सगळं इंग्रजीत हवं असतं. तेव्हा शेठ बाड घेऊन माझ्याकडे येतात. मराठी पंचनामा ज्यानं वाचला असेल त्याला ठाऊक आहे की त्याच्याइतकं कोरडं आणि त्याच्याइतकं जीवघेणं गद्य आपल्या भाषेत दुसरं नाही. 'मयताचे अंगावर चौकडीचा शर्ट, डावे खिशात निळे शाईचे पेन, एक कंगवा, एस.टी.चे तिकीट, रोख सत्तावीस रुपये.' अशी ओळ आली की मी थोडा थांबतो. शेठ थांबत नाहीत. "कंगवा कटाप," ते म्हणतात. "कंगव्याला बजेट नाही."

कंगव्याला बजेट नाही, पण भाईच्या लहानपणाला आहे. प्रत्येक भाईचं लहानपण गरिबीत गेलेलं असतं, त्याच्या आईला कुणीतरी चारचौघांत बोललेलं असतं, आणि पहिला वार त्यानं नाइलाजानं केलेला असतो. पुढचे अकरा कसे झाले ते विचारू नये. मी एकदा शेठना म्हटलं, "हा माणूस सांगतो त्यातलं निम्मं तरी खरं असेल का?"

शेठ हसले. "साहेब, आत्मचरित्र नेहमी सुपर बिल्टअपमध्ये असतं. कार्पेट एरिया कोर्टात बघायचा."

इतकं नेमकं साहित्यसमीक्षकांनाही सुचलं नसतं. अमेरिकेतल्या फ्रँक अ‍ॅबग्नेलचंच घ्या. खोटे चेक वटवत, कधी वैमानिक, कधी डॉक्टर, कधी वकील बनून आपण कोवळ्या वयात जग कसं फिरलो, हे त्यानं १९८० साली पुस्तकात सांगितलं. २००२ मध्ये स्पीलबर्गनं त्यावर सिनेमा काढला आणि जगभरच्या प्रेक्षकांनी त्या गोड ठगाला डोक्यावर घेतलं. पुढे अ‍ॅलन लोगन नावाच्या संशोधकानं तुरुंगाच्या नोंदी काढल्या. महाशय विमानातून भटकत होते म्हणे, त्यातला बराचसा काळ ते न्यूयॉर्क राज्यातल्या तुरुंगात होते! २०२० मध्ये हे पुस्तकरूपानं आलं, तोवर सिनेमाला अठरा वर्षं होऊन गेली होती. ठगानं आपल्याला ठगवलं यात नवल नाही. आपण तिकीट काढून ठगवून घेतलं, हे जरा लागतं. शेठना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "लोडिंग जास्त झालं. पण विकलं गेलं ना?"

अमेरिकेत अशा पैशावर कायदा करून पाहिला गेला, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा मात्र शेठनी खुर्ची पुढे ओढली. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड बर्कोविट्झ नावाच्या माणसानं एकामागून एक खून केले. १९७७ मध्ये तो पकडला गेला आणि प्रकाशक त्याच्या कहाणीसाठी थैल्या घेऊन निघालेत अशी बोलवा उठली. राज्यानं लगोलग कायदा केला: गुन्ह्याची कहाणी विकून आलेला पैसा सरकारी मंडळाकडे जमा करायचा आणि त्यावर पहिला हक्क बळी पडलेल्यांचा. खुद्द बर्कोविट्झला तो कायदा कधी लागूच झाला नाही, कारण कायदा शिक्षा झालेल्यांसाठी होता आणि त्याला तेव्हा खटला चालवायलाही अपात्र ठरवलं होतं. सापडला तो हेन्री हिल. माफियात वाढलेला आणि मग सरकारचा साक्षीदार झालेला. त्याच्या तोंडून ऐकून निकोलस पिलेगीनं १९८५ मध्ये 'वाइजगाय' लिहिलं, त्यावर स्कॉर्सेसीचा 'गुडफेलाज' १९९० मध्ये आला. हिलला पुस्तकाचे सुमारे ९६ हजार डॉलर मिळाले होते. मंडळानं ते मागितले, प्रकाशक कोर्टात गेला, आणि डिसेंबर १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कायदाच रद्द ठरवला. न्यायमूर्तींचं म्हणणं असं, की जाळं फार मोठं विणलंय. संत ऑगस्टीननं आपल्या आत्मकथनात पोरवयात नासपती चोरल्याचं कबूल केलंय, म्हणजे तोही यात अडकायचा!

शेठना ऑगस्टीन फार आवडला. "संत आहे आणि चोरीही केलीय? राइट्स कुणाकडे आहेत?"

आपल्याकडे तसा खास कायदा नाही. आपल्याकडे ऑटो शंकरचा निकाल आहे. तो शेठनी लॅमिनेट करून साईबाबांच्या शेजारी लावलाय. मद्रासचा हा रिक्षावाला. सहा खुनांसाठी फाशीची शिक्षा झालेली. तुरुंगात बसून त्यानं तीनशे पानांची आत्मकथा लिहिली आणि ती 'नक्कीरन' या तमिळ साप्ताहिकाकडे गेली. तिच्यात त्याच्या धंद्यात हात ओले केलेल्या बड्या अधिकाऱ्यांची नावं होती. लगेच तुरुंगाच्या महानिरीक्षकांचं पत्र आलं की आत्मकथा बनावट आहे, छापाल तर याद राखा. संपादक सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९९४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की सार्वजनिक नोंदींत, म्हणजे कोर्टाच्या कागदांत जेवढं आहे तेवढं कुणाच्याही परवानगीशिवाय छापता येतं. त्यापलीकडचं खासगी आयुष्य मात्र त्या माणसाचं. अत्याचार झालेल्या बाईचं नाव उघड करायचं नाही. आणि आपली अब्रू जाईल या भीतीनं अधिकाऱ्यांना छपाई आधीच रोखता येणार नाही. पुढच्या एप्रिलमध्ये शंकरला सेलमच्या तुरुंगात फाशी दिलं. २०१९ मध्ये त्याच्यावर वेबमालिकाही आली.

शेठनी या निकालातून एवढंच घेतलं: "परवानगी लागत नाही." मग ते भाईंना पैसे देऊन परवानग्या गोळा का करत फिरतात, हे मी विचारलं. ते म्हणाले, "साहेब, कायद्यानं लागत नाही, तब्येतीसाठी लागते."

मला या निकालात दिसतं ते वेगळंच. ती आत्मकथा दाबायला कोण धावलं? मेलेल्यांची माणसं धावली नव्हती. धावले ते वर्दीवाले. म्हणून 'गुन्हेगाराला बोलू देऊ नका, सिनेमे बंद करा' अशी आरोळी कुणी ठोकली की मी आधी आरोळी ठोकणाऱ्याचे हात बघतो. गुन्हेगाराला पुष्कळ ठाऊक असतं आणि ते बाहेर यायला हवं. माझा शेठशी वाद आहे तो मालकीचा. शेठ ज्याला टायटल म्हणतात त्यात नाव एकाच माणसाचं. सातबाऱ्यावर निदान 'इतर अधिकार' असा रकाना तरी असतो. जमीन एकाच्या नावावर असली तरी तिच्यात कुणाचा घाम आहे, कुणाचा बोजा आहे, त्याची नोंद तिथे होते. भाईच्या कहाणीत ज्याचं रक्त सांडलं त्याच्यासाठी तो रकाना कुणी आखलेलाच नाही.

कधीकधी एकच माणूस दोन्हीकडे असतो. फूलनदेवीचं तसं होतं. तिनं तुरुंगातून सांगितलेल्या हकिकतींवरून माला सेन यांनी पुस्तक लिहिलं, त्यावर शेखर कपूरांचा 'बँडिट क्वीन' १९९४ मध्ये आला. बेहमईच्या वीस खुनांची आरोपी तीच, आणि जिच्यावरचे बलात्कार पडद्यावर दाखवले तीही तीच. जिवंत बाई दिल्लीत बसलेली असताना तिला न विचारता हे दाखवलं. ती उच्च न्यायालयात गेली. शेवटी ब्रिटनच्या चॅनल फोरनं चाळीस हजार पौंड देऊन प्रकरण मिटवलं. शेठ याला 'पार्टीशन सूट' म्हणतात. मी काही बोललो नाही. त्यांचा गुरुवार होता.

पैशाच्या बाबतीत मात्र सगळ्यांवर ताण 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'ची. जॉर्डन बेलफोर्टनं दीड हजारांवर गुंतवणूकदारांना बुडवलं, बावीस महिने तुरुंगात काढले, आठवणी लिहिल्या. ११ कोटी डॉलर परत करण्याचा कोर्टाचा हुकूम डोक्यावर असताना २०१३ च्या सिनेमात शेवटी येऊन हिरोची ओळखही करून दिली. बुडालेली माणसं त्या तीन तासांत जवळपास नुसती फोनच्या पलीकडे आहेत. गंमत पुढेच आहे. ज्या कंपनीनं हा सिनेमा काढला तिच्याकडचा पैसा मलेशियाच्या सरकारी निधीतून लंपास झालेला आहे, असा दावा अमेरिकेच्या न्याय खात्यानं केला आणि २०१८ मध्ये कंपनीनं ६ कोटी डॉलर भरून तो मिटवला. हे ऐकून शेठ गप्प झाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच आदर पाहिला.

अर्थात शेठ मुके नाहीत. "साहेब, तुम्ही 'दगडी चाळ' पाहिला का नाही? आणि 'डॅडी'?" पाहिले होते, दोन्ही. पहिला २०१५ चा, दुसरा २०१७ चा. दोन्ही अरुण गवळीच्या कहाणीवरचे. त्याला नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनाबद्दल २०१२ मध्ये जन्मठेप झालेली. 'डॅडी' पडद्यावर आला तेव्हा ती शिक्षा चालू होती. आणि सिनेमाचं नाव काय, तर चाळीतली माणसं त्याला ज्या नावानं हाक मारतात ते! त्या सिनेमात पोलीस आहेत, गरिबी आहे, बंद पडलेल्या गिरण्या आहेत. काही जागा खरोखर चांगल्याही आहेत. पण घरी परतताना मला आठवत होता तो टोपी घातलेला नट. शेठ म्हणाले, "बघा. मी विकतो, पण घेतो कोण?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिकीट माझ्या खिशात होतं.

एकदा त्यांनी मलाच गळ घातली. "तुम्ही पुण्याचे. पुण्याचा एखादा माल सांगा ना. क्लासवाला."

पुण्याचा म्हटल्यावर माझ्या वयाच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच प्रकरण येतं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून. करणारी पोरं टिळक रोडवरच्या चित्रकला महाविद्यालयातली. आमच्या वाड्याचा दिंडीदरवाजा तेव्हा दिवेलागणीलाच बंद व्हायचा आणि बेल वाजली तर आधी गॅलरीतून वाकून बघायचं. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यातल्या मुनव्वर शहानं तुरुंगात कबुलीजबाबाचं पुस्तक लिहिलं, 'येस, आय अ‍ॅम गिल्टी'. या खुनांवर 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट आला, त्यात नाना पाटेकर होते.

शेठनी फोनवर नोंद करायला घेतली. "मालक चारही गेले? मग फ्री होल्ड! आणि पुस्तकही तयार. हिरो कोण करायचा, म्होरक्या का कबुली देणारा?"

"आणि ज्यांचे खून झाले ती माणसं?"

"त्यांचे कसले राइट्स? ती तर वारली ना."

"भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात पाच जणं मारली. त्यांत काशीनाथशास्त्री अभ्यंकर होते. वय अठ्ठ्याऐंशी."

"काय करायचे ते?"

"संस्कृत व्याकरणाचा कोश केला होता त्यांनी. इंग्रजीत, बडोद्याहून १९६१ साली निघाला. अजून वापरतात."

शेठ विचारात पडले. माणूस प्रामाणिक. त्यांनी खरोखर डोळ्यांपुढे आणून पाहिलं असावं: एक म्हातारा, समोर कागदाचे कपटे, एकेका शब्दाखाली पाणिनीचं सूत्र. मग मान हलवली. "व्हिज्युअल नाही हो त्यात. म्हातारा बसलाय, लिहितोय. किती वेळ दाखवणार?"

खुनी धावतो, पळतो, गाडी पळवतो, रडतो, पश्चात्ताप करतो. कोशकार पन्नास वर्षं एका जागी बसतो. सिनेमाच्या व्यवहारात हा सामना सुरू होण्याआधीच संपलेला असतो, आणि यात शेठचा एकट्याचा दोष नाही. तरी मला राहून राहून वाटतं की चांगल्या दिग्दर्शकाला त्या बसलेल्या माणसाचं दृश्य जमायला हवं. न जमेल तर त्यानं कुणाचा जीव गेला हे सांगायच्या भानगडीत पडू नये, सरळ कल्पनेतली मारामारी लिहावी.

गेल्या वर्षी एका निर्मात्याच्या वकिलानं शेठपुढे अट घातली की खून झालेल्याच्या घरच्यांचंही ना-हरकत पत्र आणा. शेठच्या कारकिर्दीत हे प्रथमच घडत होतं. ते अर्धा किलो काजूकतली घेऊन एका तालुक्याच्या गावी गेले. मयताचं किराणा दुकान होतं. भाईच्या टोळीला हप्ता दिला नाही म्हणून दुकानातच गोळी घातली. त्यांची बायको आता साठीची, दुकान तीच चालवते. तिनं शेठना पोत्यावर बसवलं, चहा दिला, स्टँपपेपर दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्यांना किती वेळ दाखवणार?"

"दीड मिनिट," शेठ म्हणाले. खोटं बोलायची त्यांची पद्धत नाही.

"त्यात काय काय येईल?"

"गोळी लागते. पडतात. डाळीचं पोतं फुटतं, स्लो मोशन."

बाई म्हणाल्या, "त्याआधी एकदा वजन करताना दाखवा. काटा कधी मारला नाही त्यांनी. लोक बाजूच्या गावाहून यायचे ते त्यासाठी." शेठनी विचारून सांगतो म्हटलं. सही झाली नाही. काजूकतलीचा डबा बाईंनी न उघडता परत दिला.

शेठनी ही गोष्ट मला 'पार्टी कोऑपरेट करत नाही' अशा शीर्षकाखाली सांगितली. निर्मात्यानं मग वकील बदलला. नव्या पटकथेत किराणा दुकानदार दुसऱ्या टोळीचा खबऱ्या झालाय. त्यामुळे भाईची गोळी जरा समर्थनीय दिसते आणि दुसऱ्या अंकाला वळण मिळतं, असं त्या मुलांचं म्हणणं. दुकान आणि गाव तेच, मिशाही त्याच. फक्त नाव बदललंय. हे पान भाषांतराला माझ्याकडेच आलं. मी शेठना म्हटलं, "हे बरोबर नाही. सगळं गाव ओळखेल."

"साहेब, मेलेल्या माणसाची अब्रू जात नाही. कायद्यात बसत नाही ते."

बसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे आणि त्याचं पहिलंच स्पष्टीकरण मृत व्यक्तीबद्दल आहे. ती जिवंत असती तर जिच्यामुळे तिची अब्रू गेली असती अशी गोष्ट, घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं तिच्याबद्दल मांडली, तर तो गुन्हा होऊ शकतो. जुन्या दंडसंहितेच्या ४९९ मध्येही हेच होतं. हेतू शाबीत करणं सोपं नाही, हे मला कागद वाचून वाचून ठाऊक आहे. पण वकिलाची नोटीस पाठवायला हेतू शाबीत करावा लागत नाही, आणि नोटीस आली की निर्मात्याची मुलं पटकथा फार लवकर बदलतात.

शेठकडून मी बाईंचा पत्ता मागून घेतला. त्यांनी तो मुकाट्यानं दिला, वर "माझं नाव सांगू नका" म्हणाले. कलम, स्पष्टीकरण आणि पटकथेतलं ते पान काय म्हणतं, एवढं मराठीत लिहून मी टपालानं पाठवलं आहे. नोटीस द्यायची की नाही ते त्या बाई ठरवतील.